माश्या बांधायचा हंगाम

शेजारच्या रमाबाईंच्या कोंबड्यानं परवापासून पिसं टाकायला सुरुवात केली आहे. सकाळी गच्चीवरून डोकावले तर त्यांच्या न्हाणीमागच्या ओलीत पाच-सहा तांबूस पिसं पडलेली, आणि तो गडी मानेनं अर्धा बोडका होऊन भिंतीकडे तोंड करून उभा. भादवा उतरणीला लागला की कोंबड्यांची अशी दशा होते. मी खाली गेले, पिसं वेचली, पदराला पुसली. रमाबाई खिडकीतून बघत होत्या.

"काय करता वं ताई त्या पिसायचं?"

"बाबांना देते."

"त्यायले कान कोराले का?"

अकोल्याला आमच्या गल्लीत येऊन त्यांना चारच महिने झालेत. त्यांना सगळं सांगत बसले असते तर सकाळचा स्वयंपाक गेला असता. म्हणून नुसती हसले आणि घरात आले.

बाबा मागच्या खोलीत दाराशी बसलेले असतात. वय ब्याऐंशी. डोळे उघडे असतात, पण त्यांत आता काही उतरत नाही. ऊन आहे की सावली एवढं कळतं, तेही अंगाला ऊब लागते म्हणून. मी पिसं त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी एकेक पीस बोटांतून आधी सुलटं ओढलं, मग उलटं ओढून त्याचे बारीक तंतू उभे केले, आणि ते वरच्या ओठाला टेकवून पाहिले.

"नरम हाय," ते म्हणाले. "जुनं पीस हाय. सरावाले ठेव. चांगलं पीस पौषातच भेटते."

हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. वर्षावास संपत आला की विहारातलं वाचन शेवटच्या प्रकरणांना येतं, बाजारात पहिली हिरवट संत्री दिसायला लागतात, आणि आमच्या घरी 'नरम हाय' सुरू होतं. पाच वर्षांपूर्वीपर्यंत मला या वाक्याचा अर्थ माहीत नव्हता. माहीत करून घ्यावा असंही कधी वाटलं नव्हतं. त्याची किंमत कोणी भरली, ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

माझे वडील माश्या बांधतात. फौजेत असताना ते बरीच वर्षं हिमाचलात होते. तिथल्या थंडगार नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. तो पाण्यावर उतरणाऱ्या बारीक माश्या टिपून खातो. तो धरायचा तर गळाच्या इवल्याशा हुकावर रेशमी दोरा, शेळीचे केस आणि कोंबड्याचं पीस गुंडाळून खोटी माशी तयार करायची आणि लांब, लवचीक काठीनं ती पाण्यावर अलगद उतरवायची. बाबा ज्या कर्नलसाहेबांची गाडी चालवत, त्यांना हा षोक होता. मासे साहेब धरायचे. संध्याकाळी माश्या बांधायला मात्र बाबा आणि त्यांचा जोडीदार ठाकूर, दोघं साहेबांजवळ बसायचे. ठाकूर तिथलाच. फौज सुटल्यावर त्यानं तीर्थन नदीच्या काठी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या, आणि बाबा अमरावतीला आले. इथे ट्राउट तर सोडाच, चैत्रात नदी कुठून वाहते ते विचारत जावं लागतं.

तरी त्यांनी माश्या बांधायचं सोडलं नाही. मागच्या अंगणात कायम तीन कोंबडे पाळले. एक लाल, एक कबरा, एक राखी. ते कधी कापले नाहीत, कोणाला कापायला दिलेही नाहीत. गळलेली पिसं सरावाला, आणि पौषात, नवी पिसं पूर्ण वाढून टणक झाली की, राखी कोंबड्याला मांडीवर घेऊन, त्याच्याशी बोलत बोलत मानेची मोजकी पिसं काढायची. आई म्हणायची, "लोकं रिकामे बसले का माश्या मारतात. आमच्या घरचा मानूस बांधते." हा विनोद ती पाहुण्यांसमोर हमखास करायची आणि बाबा हमखास हसायचे.

या माश्यांना गिऱ्हाईक एकच. दर संक्रांतीला बारा माश्या, साबणाच्या डबीत कापूस घालून, ठाकूरकडे जायच्या. फाल्गुनात बर्फ वितळून मासेमारी सुरू व्हायच्या आत पोचायला हव्यात म्हणून संक्रांत. बदल्यात ठाकूरकडून अक्रोडाची पिशवी यायची आणि हिंदीत एक पत्र. कोणत्या माशीला किती मोठा मासा लागला, कोणती दगडात अडकून तुटली, एवढाच मजकूर. चाळीस वर्षांत दोघं दोनदाच भेटले असतील.

मी लहान असताना, फौजेतून रजेवर आलेले बाबा मला एकदा भातकुलीच्या बाजूला पेढी नदीवर घेऊन गेले होते. पाऊस नुकताच सरला होता, पाणी गढूळ होतं. बाबा काठावर उभे राहून काठीनं माशी टाकत आणि पुन्हा उचलत होते. जाळं घेऊन बसलेला एक माणूस बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "साहेब, ह्या माशीनं मासा भेटते का?"

"इथं नाई भेटत," बाबा म्हणाले.

"मंग काहून टाकून राहिले?"

"माशी पाण्यावर सरळ उभी रायते का, ते पाहून राहिलो."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मला बापाची लाज वाटली होती, ती मला अजून आठवते. आठवली की आता वेगळीच लाज वाटते.

मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं आणि फावल्या वेळात एका छापखान्यासाठी मुद्रितं तपासली. माझ्या हातात लाल पेन नसेल तर मला बोट तुटल्यासारखं वाटतं. लग्नपत्रिका आली की मी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते, मग वधू-वर. घरच्यांना हे माहीत आहे. माझी मुलगी मला निरोप पाठवण्याआधी दोनदा वाचते आणि तरीही एखादा अनुस्वार सापडतोच.

ज्या जूनमध्ये मी निवृत्त झाले, त्याच वर्षी भाद्रपदात बाबांच्या डोळ्यांचा निकाल लागला. काचबिंदू. कडेचं दिसणं आधीच गेलं होतं, मधलं उरलं होतं तेही विरत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, थेंब घालत राहा, पण गेलेलं परत येत नाही, उरलेलंही फार दिवस टिकेल असं वाटत नाही. दवाखान्याबाहेर बाबा पायरीवर बसले. मला वाटलं आता रडतील. ते म्हणाले, "यंदाच्या बारा होतीन. पुढच्या साली नाई होनार."

बस, एवढंच. शेवटच्या बारा. त्या हिवाळ्यात आमच्या घरात दुसऱ्या कशाला महत्त्व नव्हतं. मी नवऱ्याला डबा लावून दिला आणि दिवाळीनंतर अमरावतीला आई-बाबांकडे जाऊन राहिले.

बाबा सकाळी दहा ते बारा ओसरीवर बसायचे. तेवढाच वेळ ऊन त्यांना हवं त्या बाजूनं यायचं. पेचानं आवळायच्या छोट्या शिकंजात हूक, कपाळावर बांधलेलं भिंग, मेण लावलेला दोरा, गेल्या पौषात काढून ठेवलेली पिसं. एका माशीला पूर्वी वीस मिनिटं लागायची, आता दोन-तीन सकाळी जायच्या. कधी दोरा सुटायचा, कधी हूक हातातून पडून मी अर्धा तास चटईवर बोटं फिरवत बसायची. जी मनासारखी झाली नाही, ती ते ब्लेडनं कापून हूक मोकळा करायचे. वाकडी बांधलेली माशी घरात ठेवायची नाही, असा त्यांचा नियम होता. आई मटार सोलत बाजूला बसायची आणि मध्येच विचारायची, "किती झाल्या?" चार. पाच. पौष लागला तेव्हा नऊ.

मी काय करत होते? मी त्यांची वही साफ करत होते. बाबांनी चाळीस वर्षांचं सगळं ज्ञान एका जाड वहीत लिहून ठेवलं होतं, नववी पास माणसाच्या ठसठशीत अक्षरात, वऱ्हाडीत. मी ठरवलं, याची छोटी पुस्तिका करायची. शुद्ध, नेटकी, घरच्या चार माणसांना देण्यापुरती. आणि पहिल्याच पानावर अडले. माश्या बांधणाऱ्याला म्हणायचं काय? इंग्रजीतसुद्धा त्या शब्दाचा तंटा आहे. साहेबांनी दिलेल्या जुन्या पुस्तकात तो 'वाय' घालून लिहिलेला, आणि ठाकूरनं पाठवलेल्या एका दुकानाच्या यादीत 'आय' घालून. दोन्हीकडची माणसं आपलंच खरं म्हणतात म्हणे. मराठीत दोन्हींचा उच्चार 'टायर'. आता बाबांचं नाव उत्तमराव टायर असं छापलं तर लोक पंक्चर काढायला येतील. मी 'माशीकार' सुचवलं, 'माशीबंधक' सुचवलं. बाबा भिंगातून मान वर न करता म्हणाले, "बांधनारा म्हन ना. त्यात का हाय एवढं?"

दुसरा शब्द त्याहून चिवट. कोंबड्याच्या मानेवरच्या लांब, निमुळत्या पिसाला या धंद्यात हॅकल म्हणतात. ते हुकाभोवती गुंडाळलं की त्याचे तंतू चहूबाजूंनी उभे राहतात. बाबांनी एकाच पानावर हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिला होता. हाकल, हेकल, हॅकल. माझ्यासारखीला हे सहन होणं शक्य नव्हतं. मी तीन दिवस त्यावर घालवले. छापखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्याचं म्हणणं, परका शब्द आहे, लिहिणाऱ्याच्या तोंडात बसेल तसा लिहावा. मी म्हटलं, असं कसं, एकवाक्यता नको? शेवटी 'हॅकल' ठरवला आणि लाल पेन घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दुरुस्ती करत गेले.

त्या वहीच्या मध्यावर एक ओळ होती: 'हेकलच्या शेंड्याले कैची लावू नाई. शेंडा गेला का माशी गेली.' मी 'हेकल' खोडून 'हॅकल' केलं. 'शेंड्याले'चं 'शेंड्याला'. 'कैची'ची 'कात्री'. 'नाई'चं 'नये'. 'का'चं 'की'. एका ओळीत पाच चुका काढल्या, समासात पाच खुणा केल्या, आणि पुढच्या ओळीवर गेले.

मुद्रित तपासणारा माणूस वाचत नाही. आम्हाला शिकवलेलंच असतं तसं. अर्थात गुंतलास तर चूक निसटेल. अक्षर बघ, अर्थ लेखकाकडे सोड. मी जन्मभर हे अभिमानानं सांगत आले. शेकडो पुस्तकं माझ्या नजरेखालून गेली आहेत, आणि त्यांतली निम्मी कशाबद्दल होती ते मला सांगता येणार नाही.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात बारावी माशी झाली. बाबांनी तिच्या डोक्यावर बिनरंगाच्या नेलपॉलिशचा थेंब लावला, भिंग काढलं, डोळे पुसले आणि "झालं" म्हणाले. आईनं त्या दिवशी शिरा केला. जेवून ते झोपले. मी ओसरीवर त्या बारा माश्या कापसावर ओळीनं मांडल्या आणि बघत बसले.

मला त्या विस्कटलेल्या दिसल्या. एकीचे तंतू एका बाजूला लांब, दुसरीचे मधूनच आखूड, कडा कुठेच सारख्या नाहीत. मला वाटलं, बिचाऱ्यांना दिसलं नाही. शेवटच्या बारा, आणि अशा जाणार. ठाकूर डबी उघडेल आणि काय म्हणेल? मी आत जाऊन नखं कापायची छोटी कात्री आणली. आई तूर निवडत होती.

"काय करून राहिली वं?"

"थोडं नीट करते."

"त्यायले इचारलं का?"

"त्यांना कळणारही नाही," मी म्हणाले. हेच शब्द. मी ते आजपर्यंत कोणाला सांगितले नाहीत.

आणि मी एकेक माशी चिमटीत धरून तिच्या कडा गोल कापल्या. बारा माश्या, तासाभरात. सगळ्यांचे तंतू एकसारखे, आखूड, सुबक. समाधान वाटलं. प्रेमानं केलं होतं, हे खरं आहे. त्या प्रेमात कीव मिसळलेली होती, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी डबी भरायची होती. भरण्याआधी बाबा प्रत्येक माशी शेवटची तपासत, हे मी पूर्वी कधी थांबून पाहिलं नव्हतं. त्यांनी पहिली माशी उचलली आणि वरच्या ओठाला टेकवली. थांबले. दुसरी टेकवली. तिसरी. मग आईला म्हणाले, "परात आन. पानी भर."

परातीत त्यांनी पहिली माशी सोडली. ती क्षणभर तरंगली, एका अंगावर कलंडली आणि भिजून बुडाली. दुसरी तशीच. पीस गुंडाळलेल्या माशीला पाण्यावर उभं धरतात ते तंतूंचे निमुळते, केसाहून बारीक शेंडे. त्यांच्या टोकांवर ती उभी राहते. शेंडे लांब-आखूड असले तरी चालतं, ते कापलेले नसले पाहिजेत. हे मला त्या परातीजवळ उभं राहून कळलं.

"कोनं कापलं?"

"मी," मी म्हणाले. "थोडं वेडंवाकडं दिसत होतं, म्हणून..."

बाबांनी ओला हात धोतराला पुसला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुले वाटलं, मले दिसलं नाई म्हून तसं झालं."

मला तेच वाटलं होतं.

त्यांनी ब्लेड माझ्यापुढे सरकवलं. "काप. हूक मोकये कर. अशा नाई धाडत आपन."

"बाबा, तुम्ही..."

"तूच काप."

मी कापल्या. एकेक माशी शिकंजात अडकवून, पाठीवरून ब्लेड ओढून. दोरा सुटला की पीस सैल होतं, केस पसरतात, आणि दोन सकाळींचं काम फुंकरीनं उडून जाईल एवढं उरतं. मोकळा हूक मी स्टीलच्या वाटीत टाकायची. बाबा भिंतीला टेकून आवाज ऐकत होते. सहाव्या-सातव्याला मला रडू यायला लागलं तशी आई उठून आत गेली. बारावा हूक वाटीत पडल्यावर बाबा म्हणाले, "झाकन लावून ठेव. गंजतीन." आणि भिंत धरत धरत आपल्या खोलीत गेले.

दोन दिवस ते ओसरीवर आले नाहीत. जेवायला यायचे, ताटाकडे बघत जेवायचे. मी वही उघडली आणि ती ओळ वाचली. पहिल्यांदा वाचली. माझ्या पाच लाल खुणा तिच्यावर होत्या. चुका सुधारणारा माणूस स्वतःला चुकीच्या बाहेर उभा समजतो, हा मोठा घोटाळा आहे. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी काय काय खोडलं असेल, कोणत्या पोराची कोणती बरोबर गोष्ट 'नीट' केली असेल, ते त्या दोन दिवसांत भुतासारखं अंगावर येत राहिलं. पुस्तिकेचा नाद मी तेव्हाच सोडला.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता हाक आली. "बाई, इकडे ये."

बाबा ओसरीवर बसले होते. मांडीवर राखी कोंबडा, शिकंजात हूक लावलेला. भिंग त्यांनी माझ्यापुढे धरलं. "बांध. मी सांगतो."

"मला येत नाही."

"मलेबी येत नव्हतं."

मग त्यांचे हात माझ्या हातांवर आले. दोरा किती ताणायचा ते त्यांनी माझ्या बोटांवर दाब देऊन सांगितलं. "तुटाच्या थोडं आंधी थांबाचं." पीस गुंडाळताना मी श्वास घ्यायची, तर म्हणायचे, "हालून राहिली तू. श्वास सोडून घे, मंग फिरव." जन्मभर ज्यांना मी प्रमाण मराठी शिकवत आले, त्या माणसाच्या हाताखाली मी पहिलीत बसले. पहिल्या सात माश्या कापाव्या लागल्या. रोज संध्याकाळी मान धरायची. शेंडे वेडेवाकडे दिसायचे आणि माझा हात सवयीनं कात्रीकडे जायचा. बाबांना ते कसं कळायचं कोण जाणे. "ठेव तिकडं," ते म्हणायचे.

संक्रांत होऊन गेली. आईनं तिळगूळ वाटला, आम्ही ओसरीवरच होतो. महिनाअखेरीस पाच माश्या ओठाला आणि परातीला उतरल्या. पुढे थांबणं शक्य नव्हतं. बाबांनी पत्र सांगितलं, मी लिहिलं. ठाकूरला ते हिंदीत सांगायचे.

"लिख, इस बार पाँच हैं. बारह बनाई थीं, ख़राब हो गईं."

माझा हात थांबला. "ख़राब हो गईं नाही, बाबा. मी केल्या. तसं लिहिते."

"नाई," ते म्हणाले. "ते घरातलं हाय. पुढं लिही. आँख अब नहीं रही. बेटी सीख रही है."

चैत्रात उत्तर आलं. ठाकूरनं लिहिलं होतं, पाचांतल्या दोन चांगल्या आहेत, तीन उजवीकडे झुकतात, बेटीला सांग की शेवटचे फेरे सैल पडतायत. अक्रोड मात्र दर वर्षाइतकेच होते. बाबांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "बरोबर सांगून राहिला तो. सैलच पडते तुहं."

त्या उन्हाळ्यात उरलेलं दिसणंही गेलं. दोन वर्षांनी आई गेली, तेव्हा मी बाबांना अकोल्याला आणलं. कोंबडे येताना एका ओळखीच्या बाईला देऊन आलो. ती दर पौषात एसटीच्या कंडक्टरकडे राखी पिसांची पुडी देते, मी स्टँडवर जाऊन घेते. वही माझ्या कपाटात आहे. माहेरच्या माणसांत बोलताना माझ्या तोंडून अलीकडे 'शेंड्याले' निघून जातं आणि मी ते तसंच जाऊ देते. लग्नपत्रिका मात्र अजून आधी ऱ्हस्व-दीर्घानंच वाचते. सगळंच काही सुटत नाही.

दुसऱ्या वर्षी सात पास झाल्या, तिसऱ्या वर्षी नऊ. ठाकूरची पत्रं आखूड होत गेली, अक्षर थरथरतं. पण दर वेळी झुकणाऱ्या माश्यांचा आकडा लिहिलेला असतो, आणि तो कमी होत चालला आहे. माझी पाठ दुखते, मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणतात. बाबांना मी ते सांगितलेलं नाही.

गेल्या पौषात पहिल्यांदा बारा झाल्या. दुपारी उन्हात बसून मी एकेक माशी बाबांच्या हातात देत होते, ते ओठाला टेकवून "चालते" म्हणत आणि डबीत ठेवत. आठवीपाशी ते थांबले. ती त्यांनी पुन्हा टेकवली. बोटाच्या टोकानं डोक्यावरची गाठ चाचपली, तंतूंवरून वारा घालावा तसं बोट फिरवलं. मला वाटलं, कुठेतरी चुकलं.

"हे माही हाय," ते म्हणाले. "जुनी. कोठं भेटली तुले?"

ती मी आदल्या दिवशी सकाळी बांधली होती. दोरा नवा होता, पीस त्याच आठवड्याच्या पुडीतलं होतं. 'नाही बाबा, ही माझी' हे वाक्य पूर्ण तयार होऊन तोंडाशी आलं. आयुष्यात मी इतकी सरळ चूक समोर ठेवलेली कधी सोडली नव्हती.

"जुन्या डब्यात होती," मी म्हणाले.

"डोये होते तव्हाची हाय." त्यांनी ती तिसऱ्यांदा ओठाला लावली आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मी दुसरीकडे बघितलं. "पाह्य कशी हाय. एक शेंडा इकडचा तिकडं नाई."

"मग हीसुद्धा धाडते ठाकूरकाकांना."

"नाई." त्यांनी मूठ हलकेच मिटली. "माही घरी राहू दे. त्याले तुह्यावाल्या धाड. तुह्याबी आता बऱ्या होऊन राहिल्या."

डबीत एक जागा रिकामी राहिली. मी शिकंजात नवा हूक लावला आणि बारावी पुन्हा बांधायला घेतली.